निवांतनाथांचं विरजण

निवांतनाथांच्या प्रसादात नेमकं काय आहे हे ज्या दुपारी डॉ. केतकी उगलेला उमगलं, त्या दुपारी तिनं सगळ्यात आधी भावाला फोन लावला. त्यानं उचलला, "बोल केतू" म्हणाला. जेवलास का, एवढं विचारून तिनं फोन ठेवून दिला.

भाऊ म्हणजे रंगनाथ. निमसोंड गावात निवांतनाथ संस्थानच्या शाळेत गणित शिकवायचा. काही वर्षांपूर्वी त्याची बायको बाळंतपणात गेली, मूलही हाती लागलं नाही. त्यानंतर रंगनाथनं शाळा सोडली, बोलणं सोडलं, आणि भिंतीकडे तोंड करून बसायला लागला. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. केतकी दर शनिवारी लातूरहून येऊन त्याला बळेच दोन घास भरवायची. शेवटी शेजाऱ्यांनी त्याला गाडीत घालून मांडेसरला, निवांतनाथ या फार पूर्वी होऊन गेलेल्या संताच्या मठात नेलं. तिथं आरतीनंतर प्रत्येकाला द्रोणभर दही मिळतं, मठाच्या तळघरात मडक्यांत लावलेलं. रंगनाथ महिनाभर तिथं राहिला आणि परतला तेव्हा माणसात आला होता. भाकरी मागून खायचा. रात्री झोपायचा. हळूहळू शाळेतही जायला लागला. केतकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ असली तरी तेव्हा तिनं काही विचारलं नाही. भाऊ परत मिळाला होता, तेवढं तिला पुरे होतं.

निवांतनाथांचा मठ पूर्वी एवढा मोठा नव्हता. पंचक्रोशीतले लोक यायचे, द्रोण चाटून जायचे. मग दिवस पालटले. उन्हाळे लांबले, दुपारी रानात पाय ठेवणं अवघड झालं, शहरातली कामं यंत्रांनी खाल्ली आणि तिथे गेलेली पोरं रिकाम्या हातांनी गावी परतली. घरोघर माणसं छातीत धडधड घेऊन जागी राहू लागली. अशा काळात ज्याच्या दारात माणसाला झोप लागते, त्याच्या दारात रांग लागणारच. संस्थाननं गावोगाव प्रसादकेंद्रं काढली, रोज सकाळी थंड पेट्यांच्या गाड्या निघू लागल्या. पाठोपाठ दवाखाना झाला, शाळा-महाविद्यालयं झाली, दोन साखर कारखाने, पतसंस्था आणि स्वतःची वृत्तवाहिनी. आसपासच्या तालुक्यांत आमदारकीचा अर्ज आधी नाथांच्या पायाशी ठेवल्याशिवाय कुणी भरेना. विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष दिगंबरराव वरखेडे एकेकाळी मंत्री होते, मग पडले, आणि मठात आले. त्यानंतर त्यांना निवडणूक लढवायची गरजच उरली नाही.

प्रसादाची तपासणी करायचं काम त्यांनीच केतकीच्या लातूरच्या छोट्या प्रयोगशाळेला दिलं होतं. विज्ञानानं सिद्ध झालेला प्रसाद, अशी जाहिरात करायची होती. तालुक्यातली मुलगी, वर भाऊ संस्थानच्या शाळेत, म्हणून विश्वासाची.

दही ही जिवाणूंची वस्ती असते. आपल्या घरच्या दह्यात जे राहतात ते ठरलेले, ओळखीचे. मठाच्या दह्यात मात्र केतकीला असा एक सापडला जो जगातल्या कुठल्याच संग्रहात नोंदलेला नव्हता. काडीसारखा, संथ वाढणारा, गारव्यात राहणारा. मठाच्या तळघरातल्या पाझरणाऱ्या मडक्यांत पिढ्यान्‌पिढ्या एका विरजणातून दुसरं लागत गेलं, आणि तो तिथंच घडला. पोटात गेल्यावर तो दुधातल्या प्रथिनांपासून एक बारीकसा रेणू तयार करतो. आतड्यापासून मेंदूपर्यंत एक लांब नस जाते, पोटातली खबर वर पोचवणारी. तो रेणू त्या नसेला चिकटतो आणि वर निरोप जातो की धोका टळला, आता घंटा बंद करा. ज्यांच्या डोक्यात ही धोक्याची घंटा कारणाशिवाय अहोरात्र वाजत असते, त्यांना यातून खरोखर उतार पडतो. नशा येत नाही, बुद्धी मंदावत नाही. माणूस फक्त भ्यायचा थांबतो.

पण हा जिवाणू पोटात मुक्काम करत नाही. रोज आत गेला नाही तर आठवड्याभरात वाहून जातो. आणि बाहेरून उसना निवांतपणा मिळत राहिला की शरीर आपला स्वतःचा लगाम सैल सोडतं. त्यामुळे प्रसाद अचानक तुटला की घंटा पूर्वीपेक्षा जोरात वाजते. काही आठवडे वाजते. मग शरीर पुन्हा आपलं आपण सावरायला शिकतं, पण तेवढे आठवडे काढणं भल्याभल्यांना जमत नाही.

हे सगळं तिनं दिगंबररावांना त्यांच्या मठातल्या कचेरीत समजावून सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं की हे दही दुसऱ्या कुणाला लावता येईल का.

"चमचाभर विरजण आणि मातीचं मडकं असलं की कुणालाही," केतकी म्हणाली. "तुमच्याकडे प्रसाद जागेवरच खायचा, घरी न्यायचा नाही असा नियम आहे, म्हणून आजवर कुणी लावलं नाही."

दिगंबररावांनी खिडकीबाहेरच्या आरतीच्या रांगेकडे बघितलं. मग त्यांनी मनातलं काम सांगितलं. त्यांच्या सल्लागारांनी त्यांना आधीच सुचवून ठेवलं होतं. जिवाणूच्या जनुकांत असा बदल करायचा, की निसर्गात कुठेही न मिळणारं, कारखान्यात बनवलेलं एक अन्नद्रव्य दुधात घातल्याशिवाय तो वाढूच शकणार नाही. ते द्रव्य फक्त संस्थान बनवणार. कुणी प्रसाद घरी नेऊन विरजण लावलं तर दही लागेल, पण त्यातला नाथ मेलेला असेल. प्रयोगशाळांतून धोकादायक जिवाणू निसटू नयेत म्हणून अशी कुलपं शास्त्रज्ञ पूर्वीपासून घालत आले होते. केतकीला ते जमण्यासारखं होतं, आणि दिगंबररावांनी सांगितलेली रक्कम तिच्या प्रयोगशाळेनं कधी स्वप्नातही पाहिली नव्हती.

"लोकांच्याच भल्यासाठी आहे हे, डॉक्टर," ते म्हणाले. "या प्रसादावर फुकट दवाखाना चालतो, हजारो पोरं शिकतात. उद्या घरोघर दही लागलं तर इथं कोण येईल? माणूस देवाकडे गरजेपोटी येतो. ती गरजच गेली तर मी हे सगळं कशावर चालवू?"

यातलं सगळंच काही खोटं नव्हतं. विचार करून सांगते म्हणाली आणि निघाली.

विचार करायला तिला फार दिवस मिळाले नाहीत. निमसोंडच्या गायरानावर संस्थानला विद्यापीठ काढायचं होतं. त्या गायरानावर गावातल्या भूमिहीनांच्या शेळ्या चरायच्या, काहींनी तुकडे कसलेले होते. ग्रामसभेनं जमीन द्यायला नकार दिला. पुढच्या सोमवारी प्रसादाची गाडी आली नाही. गाडी दुरुस्तीला आहे, असं सांगण्यात आलं. मंगळवारीही दुरुस्तीलाच होती. पुढचा सोमवार आला तरी दुरुस्ती संपेना.

केतकी पोचली तेव्हा गाव ओळखू येत नव्हतं. माणसं दिवसाढवळ्या ओट्यांवर बसून होती, डोळे तांबारलेले. क्षुल्लक कारणावरून भावाभावांत काठ्या निघालेल्या. शेवंताबाई नावाची एक शेळ्या राखणारी विधवा रस्त्यात बसून रडत होती आणि का रडते ते तिलाच सांगता येत नव्हतं. रंगनाथच्या घराचं दार उघडं होतं. तो आत उभा होता, भिंतीकडे तोंड करून.

तरीही दुसऱ्या दिवशी तोच गावभर फिरला. संस्थानचा माणूस येऊन त्याला सांगून गेला होता की मास्तरांनी चार लोकांना समजवावं, नुसत्या संमतीचा तर प्रश्न आहे. दुसरी ग्रामसभा बसली. पहिल्या सभेत ज्यांनी हात आपटून विरोध केला होता, त्यांनीच मुकाट्यानं हात वर केले. शेवंताबाईनंसुद्धा. संध्याकाळी गाडी आली. तिच्यामागे म्हातारी माणसं पळताना केतकीनं बघितली. द्रोण तोंडाला लावताच लोक ढसाढसा रडले, आणि गाडीवरच्या भोंग्यातून नाथांचा जयजयकार चालला होता.

त्याच संध्याकाळी तिनं दिगंबररावांना कळवलं की कुलूप ती घालणार नाही. ते रागावले नाहीत. दुसरी प्रयोगशाळा मिळेल, म्हणाले, आणि करारातली गुप्ततेची अट तेवढी लक्षात ठेवा.

मग ती भावाशी बोलायला बसली. सगळं सांगितलं, जिवाणू, नस, लगाम, कुलूप. रंगनाथनं गणिताच्या मास्तरासारखं पायरी पायरीनं ऐकून घेतलं. त्याचा चेहरा पडत गेला.

"म्हणजे मला नाथांनी उठवलं नाही," तो म्हणाला.

"तू उठलास ते खरं आहे ना, दादा?"

"तुला नाही कळायचं. ती गेली तेव्हा माझ्याच चुकीनं गेली असं मला वाटायचं. तालुक्याला आधी न्यायला हवं होतं. मठात त्या दिवशी द्रोण हातात घेतला आणि मला वाटलं, नाथांनी मला माफ केलं. तेवढ्यावर मी जगतोय. तू आता सांगतेस की ते ताक-दह्यातलं काहीतरी होतं."

केतकीनं त्याची समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. तिनं एवढंच सांगितलं की ती हे विरजण लोकांना वाटणार आहे, उघडपणे, आणि त्याचा त्रास त्यालाही होईल. नोकरी जाऊ शकते. रंगनाथ उठून बाहेर गेला. जाताना म्हणाला, माझ्या घरात ते दही आणू नकोस.

पुढचे काही आठवडे तिनं प्रयोगशाळेत स्वयंपाकघर मांडलं. मठाच्या तळघरात जे टिकतं ते पत्र्याच्या घरातल्या उन्हाळ्यात टिकायला हवं होतं. उष्णता वाढली की नेहमीचे जिवाणू भराभर वाढून या संथ जिवाणूला मागे टाकायचे, आणि चार वेळा लावलेलं दही साधं होऊन जायचं. तिनं ओल्या फडक्यात गुंडाळलेली मडकी लावून बघितली, वाळूत ठेवून बघितली. दूध कोमट नव्हे तर पार निवलेलं हवं, विरजण वरच्या सायीतलं नको, तळातलं हवं, आणि दही लागायला दीड दिवस द्यायला हवा. एवढं पाळलं की तो टिकत होता. ज्यांना प्रसाद सोडायचा असेल त्यांनी एकदम न सोडता निम्मा निम्मा करत सोडावा, हेही तिनं ठरवलं. फ्रीजमधला मूळ नमुना, कुलूप नसलेला, तिच्याकडे होता. करारानुसार तो तिचा नव्हता. तिनं वकिलांना विचारलं. त्यांनी हात टेकले आणि सांगितलं की खटला होईल, प्रयोगशाळा जाईल. ती म्हणाली, मग ते धरूनच चालू.

मांडेसरच्या आठवडी बाजारात, मठाची कमान जिथून दिसते त्याच चौकात, तिनं टेबल मांडलं आणि वर मडकी ठेवली. पाटी वगैरे काही लावली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगत राहिली की हे नाथांच्या प्रसादाचंच विरजण आहे, घरी न्या, असं असं लावा. लोक ऐकायचे, कमानीकडे बघायचे आणि पुढे सरकायचे. ऊन चढलं तरी एकही मडकं रिकामं झालं नाही. शेवटी शेवंताबाई आली. तिनं केतकीला ओळखलं.

"हे पाप तर न्हाई ना, ताई?"

"शेजारणीला कधी विरजण दिलंस का, शेवंताबाई?"

"रोजच देतो की."

"मग तेवढंच पाप आहे."

शेवंताबाईनं कनवटीची प्लॅस्टिकची पिशवी काढली, त्यात विरजण घेतलं आणि गाठ मारली. तिला बघून आणखी दोघी आल्या. त्यानंतर केतकीला फारसं काही करावं लागलं नाही. विरजण मागणं आणि देणं यात आपल्याकडे कुणाला लाज वाटत नाही की परवानगी लागत नाही. माहेरी आलेली लेक ते सासरी घेऊन गेली. ऊसतोडीला निघालेल्या बायकांनी ते बरण्यांत घातलं. पावसाळा येईपर्यंत ते संस्थानच्या गाड्यांपेक्षा लांब पोचलं होतं.

तोवर केतकीचं जे व्हायचं ते झालं होतं. प्रयोगशाळेला सील लागलं. वृत्तवाहिनीनं तिला विषकन्या म्हटलं. विनापरवाना जैविक पदार्थ वाटल्याच्या गुन्ह्यात ती काही दिवस कोठडीत राहिली. जामिनाच्या वेळी न्यायाधीशबाईंनी सरकारी वकिलांना विचारलं की शेजारच्या घरी विरजण देणाऱ्या सगळ्यांवर तुम्ही गुन्हे दाखल करणार आहात का, आणि जामीन मंजूर केला. करारभंगाचा खटला मात्र सुरू झाला आणि तो वर्षानुवर्षं चालणार हे उघड होतं. केतकी निमसोंडला भावाच्या घरी राहायला आली आणि गावातल्या मुलांच्या शिकवण्या घ्यायला लागली. रंगनाथ अजूनही दर गुरुवारी मठात जायचा, म्हणून त्याची नोकरी तेवढी वाचली होती.

दिगंबररावांचा एक अंदाज चुकला. घरोघर दही लागलं तरी मठात जाणारे जातच राहिले. गुरुवारची गर्दी हटली नाही. लोक हात जोडायचे, नारळ फोडायचे, घरी येऊन आपलं दही खायचे. बदल झाला तो दुसरीकडेच. प्रसादामुळे माणसं लाचार झाली होती असं केतकीलाही वाटत होतं. तसं नव्हतं. प्रसादानं त्यांची भीती घालवलीच होती, पण त्या जागी एक नवी भीती बसवली होती, तो तुटण्याची. ती गेली तशी माणसं प्रश्न विचारू लागली. दवाखाना फुकट आहे तर रुग्णाला मतदारयादीचं पान कशाला मागता, असं एका बाईनं विचारलं. पतसंस्थेत एका म्हाताऱ्यानं आपल्या ठेवीचा हिशेब मागितला. निमसोंडमध्ये गायरानाची गोष्ट पुन्हा निघाली. जमीन अजून कलेक्टरच्या सहीनं संस्थानच्या नावावर झालेली नव्हती, आणि दिलेली संमती ग्रामसभेला मागे घेता येत होती.

रंगनाथनं मात्र बहिणीचं दही शेवटपर्यंत घेतलं नाही. आणि एका गुरुवारी मठातून आल्यावर त्यानं सांगितलं की आज त्यानं द्रोणही घेतला नाही, यापुढे गाडीवरचाही घेणार नाही. पायरीवर डोकं टेकवलं आणि परत फिरला. निम्मा निम्मा करून सोड, असं केतकीनं परोपरीनं सांगितलं. त्यानं ऐकलं नाही.

"मला एकदा बघायचंय," तो म्हणाला, "दह्याशिवाय नाथ माझ्याशी काय बोलतात ते."

त्यानंतरचे आठवडे वाईट गेले. तो अंगणात येरझाऱ्या घालायचा, जेवण सांडायचा, खडू हातात धरता येईना म्हणून शाळेत तोंडी शिकवायचा. एकदा मध्येच वर्ग सोडून घरी आला आणि बायकोचं नाव घेऊन रडला, गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदाच. केतकी शेजारी बसून राहिली. दही घरात आणायचं नाही ही त्याची अट मोडून तिनं एक वाटी आत भरून ठेवलेली होती, पण ती पुढे केली नाही. नाथ काही बोलले का, असं तिनं त्याला कधी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

गायरानाची सभा शाळेच्या पटांगणात, भर सकाळी भरली. संस्थानची माणसं आली होती. त्यातल्या दोघांनी फोन वर धरून चित्रण सुरू केलं, कोण हात वर करतं ते दिसावं म्हणून. दिगंबरराव स्वतः आले, खुर्चीवर बसले, आणि शांतपणे बोलले. संस्थाननं या गावासाठी काय काय केलं ते सगळं त्यांनी सांगितलं. शाळेचं सांगताना त्यांनी रंगनाथकडे बघितलं. मास्तरांना आम्ही कुठून कुठे आणलं, ते गाव विसरलेलं नाही, म्हणाले.

ग्रामसेवकानं संमती रद्द करण्याचा ठराव वाचला आणि बाजूनं असतील त्यांनी हात वर करावेत असं सांगितलं. सगळे एकमेकांकडे बघत होते आणि फोन सगळ्यांकडे.

पहिला हात रंगनाथचा वर गेला. तो इतका थरथरत होता की मागच्या रांगेतूनही दिसावं. त्यानं दुसऱ्या हातानं कोपर धरलं, तरी थरथर थांबेना. संस्थानच्या माणसानं फोन त्याच्या तोंडासमोर आणला. ग्रामसेवक गोंधळून म्हणाला, मास्तर, तुमचा हात वर धरायचा की खाली.

"थरथरतोय," रंगनाथ म्हणाला. "पण वर आहे. तसंच लिहा."

शेवंताबाईनं हात वर केला. मग तिच्या शेजारणीनं. मग पटांगणभर हात दिसायला लागले, आणि ग्रामसेवकाला मोजण्यासाठी खुर्चीवर चढावं लागलं.